डिस्ट्रिब्यूटर बदलल्यानंतरचं टायमिंग : वाचकांचे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या इग्निशनबद्दल आलेली या वेळची बहुतेक पत्रं एकाच कामाभोवती फिरतात : डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) बदलला, पण गाडी पहिल्यासारखी चालत नाही. टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेची) खरी खूण, रोटरची (डिस्ट्रिब्यूटरमधल्या फिरत्या तुकड्याची) दिशा आणि पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप या तीन गोष्टी पक्क्या होईपर्यंत डिस्ट्रिब्यूटर फिरवत बसण्यात अर्थ नसतो. खालचं पहिलं उत्तर म्हणून त्याच क्रमाने दिलं आहे.

प्रश्न : जुना डिस्ट्रिब्यूटर खूण न करताच काढला आणि नवा बसवला. चार सिलिंडरचं, पॉइंटवालं इंजिन आहे. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून धडाका होतो, इंजिन सुरू होत नाही. अगदी पहिल्यापासून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कसं लावायचं?

खूण करायची राहिली याचं वाईट वाटून घेऊ नका. जुन्या डिस्ट्रिब्यूटरवरची खूण नव्याला लागू पडतेच असं नाही, त्यामुळे टायमिंग पुन्हा लावावंच लागलं असतं.

कार्ब्युरेटरमधून धडाका होतो याचा अर्थ इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतानाच आत ठिणगी पडते आहे. कारणं बहुधा दोन असतात : डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला आहे, किंवा प्लगच्या वायरींचा क्रम चुकला आहे. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा डिस्ट्रिब्यूटर एक फेरा फिरतो. म्हणून पुलीवरची खूण एका चक्रात दोनदा खुणेसमोर येते, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. खूण जुळली म्हणून डिस्ट्रिब्यूटर बसवून टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी इथेच अडते.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन पान्याने सहज फिरतं. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. अंगठा आतल्या हवेने उचलला जाऊ लागला की कॉम्प्रेशन सुरू झालं. तिथून पुढे सावकाश जाऊन पुलीची खूण टीडीसीच्या खुणेसमोर आणा. रॉकर कव्हर काढलेलं असेल तर आणखी एक खात्री करता येते : १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा चार नंबरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात, एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. एक नंबरचे दोन्ही रॉकर मात्र सैल असतात.

आता रोटर कुणीकडे बघतो ते पाहा. कॅप लावल्यावर रोटरच्या टोकासमोर जे टर्मिनल येईल ते एक नंबरचं, मग जुन्या कॅपवर ते कुठेही असो. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पुढच्या वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने) लावा. ऑर्डर अंदाजाने धरू नका. बहुतेक इनलाइन चार सिलिंडरची १-३-४-२ असते, फोर्डच्या केंट इंजिनाची १-२-४-३, फोक्सवॅगन बीटलची १-४-३-२, इनलाइन सहा सिलिंडरची बहुधा १-५-३-६-२-४. दिशा ओळखायची सोपी युक्ती म्हणजे रोटर बोटांनी पिळून बघणे. तो एकाच बाजूला थोडासा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगने परत येतो. ज्या बाजूला पिळतो तीच त्याची फिरण्याची दिशा, कारण सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं त्याला त्याच बाजूला पुढे ढकलतात. तो पिळलाच जात नसेल किंवा सोडल्यावर परत येत नसेल, तर आतली वजनं अडकली आहेत. तसा डिस्ट्रिब्यूटर, नवा असला तरी, आधी मोकळा करून घ्या.

यानंतर पॉइंटचा गॅप, टायमिंगच्या आधी, नंतर नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅमचं टोक पॉइंटच्या फायबरखाली (कॅमवर घासणाऱ्या तुकड्याखाली) येऊन पॉइंट सर्वांत जास्त उघडेल तिथे इंजिन थांबवा आणि फिलर गेज लावा. ल्युकासच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ०.३५ ते ०.४० मिमी म्हणजे ०.०१४ ते ०.०१६ इंच. दुसऱ्या मेकचा असेल तर त्याच्या मॅन्युअलमधला आकडा. पत्ती अडकता कामा नये आणि सैलही पडता कामा नये, दोन्ही बाजूंना घासत सरकली पाहिजे. तिला तेल लागलेलं असेल तर पॉइंटच्या तोंडावर तेल बसतं आणि ते जळून काळं पडतं, म्हणून आधी पुसून घ्या.

आता स्टॅटिक टायमिंग. मॅन्युअलमध्ये समजा टीडीसीच्या आधी १० अंश दिलं आहे. इंजिन मागे घेऊन, पुन्हा नेहमीच्या दिशेने फिरवत, एक नंबरच्या कॉम्प्रेशनवर १० अंशाच्या खुणेवर आणून थांबवा. खूण ओलांडली तर पाव फेरा मागे जाऊन परत या. उलट्या दिशेने खुणेवर आणलं तर टायमिंग चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा मोजमापात शिरतो.

बॅटरीची तार जोडा. १२ व्होल्टच्या छोट्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या लो टेन्शन टर्मिनलला (कॉइलकडून बारीक वायर येते तिथे), दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. इग्निशन ऑन करा. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातून थेट अर्थ होतो आणि बल्ब बंद राहतो. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. क्लॅम्पचा नट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्यूटर हाताने जड जड फिरेल. त्याची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा. मग एका बोटाने रोटर त्याच्या फिरण्याच्या उलट बाजूला हलका दाबून धरा आणि बॉडी सावकाश रोटरच्या उलट दिशेने फिरवा. बल्ब लागेल त्या क्षणी थांबा, नट आवळा. आवळताना बॉडी किंचित सरकतेच, म्हणून पडताळा हवाच : इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि बल्ब बरोबर १० अंशाच्या खुणेवर लागतो का बघा. अंशभर इकडेतिकडे असेल तर पुन्हा लावा. इग्निशन ऑन ठेवून दुसरीकडे जाऊ नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत करंट जातो, ती तापते.

एवढं नीट झालं की इंजिन पहिल्या दोन-तीन सेल्फमध्ये सुरू होतं.

प्रश्न : नवा डिस्ट्रिब्यूटर शेवटचे पाच-सहा मिलिमीटर खाली जात नाही. क्लॅम्पचा बोल्ट आवळून ओढून घेतला तर चालेल का?

अजिबात नाही. बऱ्याच इंजिनांत, शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये तर नक्कीच, डिस्ट्रिब्यूटरचं खालचं टोक ऑइल पंपाच्या शाफ्टला धरतं. ती खाच जुळली नसेल तर गिअरचे दात धरलेले असतात, पण बॉडी टेकत नाही. बोल्टने ओढलं तर पंपाचा शाफ्ट, गिअर किंवा क्लॅम्पचा कान, काहीतरी मोडतं, आणि पंप फिरला नाही तर इंजिन तेलाविना चालतं.

उपाय दोन. लांब स्क्रूड्रायव्हरने पंपाच्या शाफ्टची खाच थोडी फिरवून पुन्हा बसवून बघा. किंवा दात धरलेल्या अवस्थेत डिस्ट्रिब्यूटरवर हाताने हलका दाब ठेवून क्रँक पान्याने सावकाश फिरवा. खाच समोर आली की तो आपणहून खाली बसतो. दात आधीच धरलेले असल्याने जागा बदलत नाही, फक्त क्रँक पुन्हा एक नंबरच्या कॉम्प्रेशनवर आणून रोटर तपासा.

गिअरचे दात तिरके असतात, त्यामुळे आत जाताना रोटर थोडा फिरतो. तेवढा आधीच मागे धरून सोडावा लागतो. एक दात चुकला तर फरक किरकोळ नसतो. १३ दातांच्या गिअरमध्ये एक दात म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे सुमारे २७.७ अंश, क्रँकचे ५५. ते बॉडी फिरवून भरून काढायला गेलात की बॉडीला जोडलेली व्हॅक्यूमची डबी कुठल्यातरी पाइपावर किंवा मॅनिफोल्डवर आपटते. डबी अडते आहे असं दिसलं की समजायचं, दात चुकला आहे.

ज्यांच्या डिस्ट्रिब्यूटरला खाली गिअर नसून एका बाजूला सरकलेली जीभ असते, उदाहरणार्थ ल्युकासचे अनेक मॉडेल आणि बीटलचा, त्यांना ही चिंता नाही. तो एकाच प्रकारे बसतो. मात्र खालचा ड्राइव्ह गिअर पूर्वी कुणी काढून चुकीचा बसवला असेल तर रोटर भलतीकडे बघतो. अशा वेळी वायरी सरकवून काम भागतं.

प्रश्न : बल्बने १० अंशावर टायमिंग लावलं. टायमिंग लाइट लावली तर १४ ते १६ दाखवते. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. बल्बचं मोजमाप थांबलेल्या इंजिनावरचं आहे. इंजिन चालू झालं की सेंट्रिफ्युगल वजनं उघडू लागतात आणि आयडलिंगलाच थोडा ॲडव्हान्स येतो. म्हणूनच जुन्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे वेगळे दिलेले असतात. १९६० च्या दशकातल्या एमजीबीचं बघा : हाय कॉम्प्रेशन इंजिनाला स्टॅटिक १० अंश, तर स्ट्रोबने (टायमिंग लाइटने) ६०० आरपीएमला १४ अंश. स्ट्रोब लावून १० वर आणलं तर इंजिन चार अंश रिटार्ड झालं, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा.

मात्र १६ चा आकडा आला असेल तर दोन गोष्टी आधी बघा. व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड स्क्रूने बंद केलं होतं का? पाइप जोडलेला असेल आणि तो मॅनिफोल्डवरून आलेला असेल, तर आयडलिंगलाच दहा-बारा अंश जास्त दिसतात. पाइप काढून उघडा ठेवला तर हवा शिरून मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग बिघडतं. दुसरं, आरपीएम. ९०० ला मोजलेलं टायमिंग ६०० च्या आकड्याशी ताडायचं नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चोक पूर्ण आत गेलेला असू द्या, आयडलिंग स्क्रूने आरपीएम खाली आणा, मग मोजा.

लाइटची क्लिप एक नंबरच्या वायरवर, शेजारच्या वायरींपासून दूर लावा, आणि तिच्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. खुणेवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा : स्ट्रोबच्या उजेडात फिरणारी पुली जशी थांबल्यासारखी दिसते तसाच पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. बाह्या दुमडा, लाइटच्या वायरी पंख्यापासून लांब बांधा, हात घालायचा असेल तर आधी इंजिन बंद करा.

आयडलिंगवर काम संपत नाही. व्हॅक्यूम काढलेलाच ठेवून आरपीएम सावकाश ३००० पर्यंत न्या आणि खूण कुठे जाऊन थांबते ते बघा. ल्युकासच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये वजनांच्या प्लेटवर एक आकडा कोरलेला असतो, समजा १०. ते डिस्ट्रिब्यूटरचे अंश, क्रँकचे त्याच्या दुप्पट, म्हणजे २०. स्टॅटिक १० धरलं तर एकूण सुमारे ३० ला खूण थांबायला हवी. ती तशी न थांबता पुढे पुढे जात राहिली तर वजनांना अडवणारा थांबा झिजला आहे किंवा प्लेट दुसऱ्या इंजिनाची आहे. बदली म्हणून घेतलेल्या डिस्ट्रिब्यूटरचा ॲडव्हान्स तुमच्या इंजिनाला जुळतोच असं नाही, आणि ते असं कळतं.

खूण एका जागी न थांबता दोन-तीन अंश थरथरत असेल तर शाफ्टची बुश झिजली आहे किंवा चेन सैल आहे. चेन तपासायला इंजिन पुढे फिरवून एका खुणेवर आणा, मग उलटं फिरवा आणि रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती अंश फिरला ते मोजा. आठ-दहा अंशांहून जास्त ढिलेपणा असेल तर टायमिंग लावण्याआधी चेन बदला.

प्रश्न : पुलीवर एकच खाच आहे, अंशांच्या खुणा नाहीत. ती खाचही टीडीसीचीच आहे याची खात्री वाटत नाही.

शंका रास्त आहे. रबर असलेल्या डॅम्पर पुलीत बाहेरची कडी रबर जुनं झालं की सरकते आणि खाच तिच्याबरोबर जाते. इंजिन पूर्वी उघडलेलं असेल तर कुणीतरी दुसऱ्या मॉडेलची पुली किंवा पुढचं कव्हर लावलेलं असणं अगदी शक्य आहे.

टीडीसी शोधायला पिस्टन स्टॉप वापरा. जुन्या प्लगचं पोर्सेलिन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला की झालं. टोकाला धार नको. सगळे प्लग काढून स्टॉप एक नंबरला लावा. इंजिन फक्त हाताने, पान्याने, सावकाश फिरवा. सेल्फ चुकूनही मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. म्हणून बॅटरी काढूनच ठेवा. पिस्टन स्टॉपला टेकला की खुणेच्या काट्यासमोर पुलीवर पेन्सिलने रेघ मारा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, दुसरी रेघ. पुलीवर पट्टी लावून दोन रेघांमधला लहान तुकडा मोजा, त्याचा मधोमध बिंदू म्हणजे खरा टीडीसी. दोन रेघा ६२ मिमीवर आल्या तर ३१ मिमीवर. व्हॉल्व्ह स्टॉपला लागतो आहे असं हाताला जाणवलं तर जोर देऊ नका, स्टॉप आखूड करा.

प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून 'सर्वांत वर' शोधण्याची पद्धत अंदाजाची आहे. टीडीसीजवळ क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे तिथे डोळा आणि हात दोन्ही फसतात.

अंश काढायचे तर पुलीचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा, ३६० ने भागा. १५० मिमीच्या पुलीवर एक अंश १.३१ मिमी, १० अंश १३.१ मिमी, ३० अंश ३९.३ मिमी. हे अंतर कागदाच्या पट्टीवर आखून पट्टी पुलीच्या गोलाईवर गुंडाळा. सरळ पट्टीने मोजलं तर चुकतं. टीडीसीच्या आधीच्या खुणा पुलीवर फिरण्याच्या दिशेकडच्या बाजूला येतात, म्हणजे इंजिन फिरताना त्या काट्यासमोर टीडीसीच्या खाचेआधी पोचल्या पाहिजेत. उलट्या बाजूला आखल्या की दहा अंश ॲडव्हान्सऐवजी दहा अंश रिटार्ड होतो आणि गाडी ओढतच नाही.

प्रश्न : टायमिंग उत्तम लागलं होतं. पाचशे किलोमीटरनंतर पिकअप गेला, इंजिनही जरा गरम चालतं. बॉडी जागची हललेली नाही.

बॉडी हलली नसेल, पॉइंट हललेत. नवीन पॉइंटचं फायबर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये कॅमवर घासून बसतं, गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा, म्हणजे रिटार्ड. ड्वेल मीटर असेल तर हिशोब सोपा आहे : ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढे अंश) एक अंश वाढला की टायमिंग क्रँकचा एक अंश मागे जातं. ल्युकास २५डी ला ड्वेल ६० अंश, तीन इकडेतिकडे. तुमचा ६६ झाला असेल तर सहा अंश रिटार्ड तिथेच झाला. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जळत जातं, त्यामुळे गरम होणंही त्याचंच.

गॅप पुन्हा लावा आणि त्यानंतर टायमिंग तपासा. नवीन पॉइंट लावताना गॅप दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, म्हणजे ०.४० मिमीला ठेवला की बसण्यापुरती जागा राहते.

फायबर लवकर झिजतं ते कॅम कोरडा राहिल्यामुळे. पॉइंटसाठीचं घट्ट ग्रीस, काडीच्या टोकावर राहील एवढंच, कॅमवर फायबर ज्या बाजूने येऊन टेकतं तिथे लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. रोटरखालच्या फेल्टवर इंजिन ऑइलचे दोन थेंब. नवीन डिस्ट्रिब्यूटर बऱ्याचदा जवळजवळ कोरडाच येतो, आणि बसवणारा तो तसाच बसवतो.

आयडलिंगचा आणि २००० आरपीएमचा ड्वेल यांत तीन अंशांहून जास्त फरक येत असेल तर बुश किंवा बेसप्लेट झिजलेली आहे. त्याला गॅप लावून उपयोग नाही. पॉइंट पाचशे किलोमीटरमध्येच निळसर, खड्डेदार झाले असतील तर कंडेन्सर बदला.

प्रश्न : व्हॅक्यूम नसलेला 'स्पोर्ट' डिस्ट्रिब्यूटर लावला. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर गुदमरते, मग पळते. टायमिंग किती ठेवू?

टायमिंग कितीही ठेवलं तरी हे पूर्ण जाणार नाही. थ्रॉटल थोडासाच उघडा असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते हळू जळतं आणि त्याला ठिणगी लवकर लागते. क्रँकचे दहा ते वीस अंश जादा ॲडव्हान्स व्हॅक्यूमची डबी तेवढ्यापुरता देते, आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की काढून घेते. तो भाग तुमच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये नाहीच. बीटलवर लोक बॉशचा ००९ लावतात, त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे : ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटरबरोबर तो अगदी असाच गुदमरतो.

अशा डिस्ट्रिब्यूटरचं टायमिंग आयडलिंगला न लावता वरच्या टोकाला लावतात. ००९ साठी ३००० आरपीएमच्या वर एकूण २८ ते ३२ अंश, आयडलिंगला जे येईल ते येऊ द्यायचं. कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा फवारा थोडा वाढवला तर गुदमरणं कमी होतं. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला आमचं स्पष्ट मत व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूने आहे. पेट्रोलही कमी लागतं.

जुना डिस्ट्रिब्यूटर अजून असेल तर त्याच्या डबीला पाइप लावून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने पाइपचं तोंड बंद करा. बेसप्लेट सरकून तिथेच राहिली तर डायफ्रॅम चांगला आहे. हळूहळू परत आली तर फाटलेला आहे, डबी तेवढी बदला.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. टायमिंग तेच राहील ना?

नाही. मॉड्यूलची ठिणगी पॉइंटच्याच जागी पडत नाही, त्यामुळे स्ट्रोबने पुन्हा लावावंच लागतं. वरची बल्बची पद्धत बहुतेक मॉड्यूलवर चालत नाही.

आधी कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. सुमारे ३ ओहम असेल तर ती बॅलास्टशिवायची (करंट आवरणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरशिवायची) आहे. १.५ ओहम असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर चालण्यासाठी आहे, आणि बॅलास्ट काढून तिला सरळ १२ व्होल्ट दिले तर जवळपास दुप्पट करंट ओढून ती स्वतः आणि मॉड्यूल दोन्ही तापवते. मॉड्यूलची पॉझिटिव्ह वायर बॅलास्टच्या आधी जोडा, म्हणजे त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) जुन्या गाडीत निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल लावलं तर पहिल्याच चावीला जळतं. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवणं टाळा. प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर सप्रेशनवाल्या घ्या.

प्रश्न : चढावर टकटक आवाज येतो. हल्लीच्या पेट्रोलला जुनं टायमिंग चालत नाही म्हणतात. किती मागे घ्यायचं?

मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी होता, म्हणून तो सुरुवातीचा मुक्काम समजायचा. इंजिन पूर्ण गरम करून टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, शक्यतो हलक्या चढावर. टकटक आली तर एक अंश मागे, पुन्हा तीच चाचणी. प्रत्येक वेळी बॉडीवर आणि ब्लॉकवर बारीक रेघ मारून ठेवा, म्हणजे कुठून निघालो ते कळतं.

चार अंश मागे घेऊनही आवाज गेला नाही तर आणखी मागे घेत जाऊ नका. मग कारण दुसरीकडे आहे : वजनांची एखादी स्प्रिंग ढिली पडून ॲडव्हान्स लवकर येतो आहे, मिश्रण पातळ आहे, सिलिंडर हेडमध्ये कार्बन साचला आहे, किंवा प्लग जास्त गरम ग्रेडचा आहे. आवाज फक्त मधल्या आरपीएमला येऊन वर गेल्यावर थांबत असेल तर आधी स्प्रिंगवर संशय घ्या. चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहतं ते बहुधा चढ्या आयडलिंगमुळे आणि कार्बनमुळे. त्यासाठी टायमिंग हलवू नका.

व्हॅक्यूम गेजने किंवा कानाने 'सर्वांत जास्त आरपीएम येईल तिथे' लावण्याची पद्धत काही जण सुचवतात. भार नसलेलं इंजिन खूप जास्त ॲडव्हान्सवरच सर्वांत छान फिरतं, त्यामुळे अशा रीतीने लावलेली गाडी उभी असताना गोड वाटते आणि चढावर टकटकते. गरम इंजिनाला सेल्फ मारताना स्टार्टर अडखळून उलटा झटका देत असेल तर तोही जादा ॲडव्हान्सच. तसं होत असेल तर दोन अंश मागे घ्या आणि चाचणी पुन्हा करा.